मांजर दत्तक घेताना...

नाशिक, प्रतिनिधी

मांजरी आपल्या पिल्लांना सात घरे दाखवते, असे आपल्याकडे म्हटले जाते. जुन्या नाशकातील वाड्यांमध्ये ही सात घरे एकाच बोळात सापडत. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या जिन्याखाली मांजरी व्यायची आणि पिल्ले सगळ्यांची म्हणून मोठी व्हायची. वाडे पडले, त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आता पिल्ले सापडतात ती वाहनतळात किंवा दुकानाच्या शटरमागे. नकोशी पिल्ले पिशवीत भरून बाजारात नाही तर नदीपलीकडे सोडून देण्याची रीत मात्र गेलेली नाही. आईपासून तुटलेले, दुधावरचे पिल्लू अशा ठिकाणी क्वचितच जगते. पाळलेल्या प्राण्याला उपाशी मरण्यासाठी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. परंतु पहिल्या गुन्ह्यासाठी दंडाची कमाल मर्यादा अवघी ५० रुपये असल्याने त्याचा धाक कोणालाच वाटत नाही.

अशी सोडलेली, जखमी झालेली मांजरे शेवटी प्राणिप्रेमी संस्थांच्या दारी येतात. नाशिकमध्ये पांजरापोळची परंपरा जुनी असली तरी ती मुख्यतः गोवंशासाठी आहे. कुत्र्या-मांजरांचा भार ‘शरण फॉर अॅनिमल्स’सारख्या स्वयंसेवी संस्था आणि पिल्लांना काही दिवस आपल्या घरी सांभाळणारे कार्यकर्ते उचलतात. त्यांच्याकडून मांजर दत्तक घेता येते. पैसे मोजून पर्शियन मांजर आणण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही चांगला. आपले देशी मांजर काटक असते आणि त्याचे केस रोज विंचरावे लागत नाहीत.

निर्णय सर्वांचा हवा

घरात राहणारे मांजर १२ ते १५ वर्षे सहज जगते. आज पाचवीत असलेल्या मुलाचा हट्ट पुरवताना तो नोकरीला लागेपर्यंत हे मांजर आपल्याकडे असेल, याचा विचार आधी व्हावा. आजी-आजोबांची संमती, कोणाला दमा किंवा अॅलर्जी आहे काय, सुट्टीत गावी गेल्यावर त्याच्याकडे कोण पाहणार, हे प्रश्न आधीच सोडवलेले बरे. संस्था साधारणतः ओळखपत्र मागतात, घर पाहतात आणि नसबंदी करण्याची हमी लिहून घेतात. ही चौकशी अविश्वासापोटी नसते. मांजर पुन्हा रस्त्यावर येऊ नये, एवढाच तिचा हेतू असतो. सोसायटीचे म्हणाल तर पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. अर्थात, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही हे पाहणे पालकाचे कर्तव्यच ठरते.

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. दिवसभर घर बंद राहत असेल तर एकट्या पिल्लापेक्षा दोन भावंडे आणावीत किंवा मोठे, शांत मांजर निवडावे. मोठ्या मांजराचा स्वभाव आधीच समजतो, हा त्याचा फायदा आहे.

पहिले आठ दिवस

नवे मांजर घरात येताच सगळे कुटुंब त्याच्याभोवती गोळा होते. नेमके हेच टाळावे. मांजर जागेला धरून राहणारा प्राणी आहे. ओळखीचा वास सुटला की ते घाबरते. त्यास प्रथम एकाच खोलीत ठेवावे. तिथे पाणी, अन्न, वाळूचा ट्रे आणि लपण्यासाठी एक आडवा ठेवलेला खोका असावा. ट्रे अन्नापासून दूर हवा. मांजर पलंगाखाली जाऊन बसले तर ओढून काढू नये. आपण खोलीत शांत बसावे, पुस्तक वाचावे, हळू आवाजात बोलावे. ते आपणहून जवळ येते. कोणाला दोन दिवस लागतात, कोणाला दोन आठवडे. ‘हे माणसाळतच नाही’ म्हणून परत पाठविण्याची घाई याच दिवसांत होते. मात्र पूर्ण दिवसभर त्याने अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्यकाला विचारावे.

घरात आधीचे मांजर किंवा कुत्रा असेल तर एकाच्या अंगावर फिरवलेले फडके दुसऱ्याच्या जागेजवळ ठेवावे. वासाची ओळख आधी, भेट नंतर.

दूध-पोळी पुरत नाही

मांजराचे जेवण म्हणजे दूध-पोळी, हा समज घरोघरी आहे. वाड्यातील मांजर दूध-पोळी खाऊनही टिकत असे, कारण उरलेली गरज ते उंदीर मारून भागवत असे. सदनिकेतील मांजराला ती सोय नाही. टॉरिन हा घटक मांजराचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही आणि तो मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे अधू होतात, हृदयाचे स्नायू दुबळे पडतात. हृदयाच्या या विकाराशी टॉरिनचा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाला. नुसते मांसही पुरेसे नाही, कारण त्यात कॅल्शियम कमी असते. त्यामुळे शाकाहारी कुटुंबाने, मांजरासाठी तयार मिळणारे संतुलित खाद्य घरात चालेल का, हे आधीच ठरवावे. गाईचे दूध अनेक मोठ्या मांजरांना पचत नाही. त्यांना स्वच्छ पाणी द्यावे.

लस आणि नसबंदी

मांजरांच्या तिहेरी लसीचा पहिला डोस सुमारे आठ आठवड्यांचे झाल्यावर, नंतर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, असा साधारण क्रम असतो. पिल्ले पटापट दगावतात त्या पॅनल्युकोपेनिया रोगापासून तिहेरी लसच वाचवते. मांजरी चौथ्या ते सहाव्या महिन्यात माजावर येऊ शकते आणि अवघ्या दोन महिन्यांत विते. म्हणून नसबंदी लांबणीवर टाकू नये. नाही तर पिशवीत भरलेल्या पिल्लांची गोष्ट आपल्याच घरातून पुन्हा सुरू होते. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांची नोंदणी सक्तीची केली, त्यामागेही लसीकरणाचाच विचार होता.

घरातील धोके

- फिनाईलने पुसलेल्या लादीवर मांजर चालते आणि पंजे चाटते. त्यातील फिनॉल त्याच्या यकृताला पचवता येत नाही. साध्या पाण्याने पुन्हा पुसावे.
- माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याचे गोचिडाचे औषध त्याला लावू नये.
- कांदा-लसूण घातलेले अन्न देऊ नये. नाशिककरांच्या घरात द्राक्षे, बेदाणे असतातच. कुत्र्यांना ती घातक ठरतात, मांजरांपासूनही दूर ठेवावीत.
- गॅलरी व खिडक्यांना जाळी बसवावी. पक्ष्यामागे झेपावून वरच्या मजल्यावरून पडणारी मांजरे वाचतातच असे नाही.
- मांजर चावले, ओरखडले तर जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुवावी व लगेच डॉक्टरकडे जावे.
- गर्भवतीने ट्रे साफ करू नये. ते काम रोज दुसऱ्याने करावे. त्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते.

काळे मांजरही मांजरच

आडव्या गेलेल्या मांजराची भीती अजून पुरती गेलेली नाही. त्यातून काळे मांजर घरात नको, असे म्हणणारे भेटतातच. बाळाच्या पाचवी-सहावीला जिची पूजा होते त्या षष्ठी देवीचे वाहन मात्र मांजरच आहे. तेव्हा रंगापेक्षा स्वभाव पाहावा.

वाड्यातील मांजर आपले आपण पाहत असे. उंदीर, माळा, ऊन आणि सात घरे त्याला फुकट मिळत. सदनिकेत यातले काहीच नाही. ते सर्व कुटुंबाने द्यावयाचे असते. तेवढी तयारी असेल तरच मांजर आणावे. मग त्याला सात घरे फिरावी लागत नाहीत, एकच पुरते.