लहुजी वस्ताद : तालमीतून शाळेकडे

14 नोव्हेंबरला आमच्या राळेगावात दोन कार्यक्रम असतात. शाळांमध्ये बालदिन, आणि मातंग वस्तीत लहुजी वस्तादांची जयंती. आमच्या बौद्ध वस्तीतून त्या जयंतीला जाणारे बोटावर मोजण्याइतके. मी स्वतः चाळिशी ओलांडेपर्यंत एकदाही गेलो नव्हतो, हे आधीच कबूल करतो. 1 ऑगस्ट 2024 रोजी, नेमका अण्णाभाऊंच्या जयंतीच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. तेव्हापासून चहाच्या टपरीवरसुद्धा 'त्यांचं' आणि 'आपलं' सुरू झालं आहे. उपवर्गीकरण योग्य की अयोग्य हा वाद इथे काढत नाही. पण 'त्यांचे लहुजी' असं कोणी म्हटलं की इतिहास काढावाच लागतो.

लहुजी राघोजी साळवे यांचा जन्म 14 नोव्हेंबर 1794 चा, पुरंदरच्या पायथ्याचा. घराणं शस्त्र चालवणाऱ्यांचं. वडील राघोजी 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूने लढताना पडले, असं परंपरा सांगते. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तर 1 जानेवारी 1818 ला कोरेगावात महार शिपाई पेशव्यांच्या फौजेविरुद्ध उभे होते. आज या दोन तारखा एकमेकांविरुद्ध वापरल्या जातात. माझं म्हणणं असं की, राघोजींना त्या पेशवाईने काय दिलं तेही विचारा.

त्याचं उत्तर त्यांच्याच घराण्यातल्या मुलीने दिलं आहे. मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 च्या अंकांत छापून आला. त्यात ती सांगते की, बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला तर त्याचं डोकं मारून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करून खेळत. इमारतींच्या पायात जिवंत माणसं पुरत, हेही ती सांगते. मांग आणि महार हे दोन्ही शब्द ती एकत्रच लिहिते. त्या मुलीला आपल्यातली ही भिंत दिसत नव्हती, किंवा दिसूनही ती मान्य नव्हती.

'तालीमखान्यापुढून' हा शब्द वाचताना थांबा. ज्या पुण्यात आपल्या माणसाने आखाड्यापुढून चालणं हा गुन्हा होता, त्याच पुण्यात, गंज पेठेत, एका मांगाने स्वतःची तालीम चालवली. कुस्ती, लाठी, दांडपट्टा, तलवार, निशाणबाजी. आणि तिथे शिकायला कोण आलं? ज्यांनी आपल्याला सावलीपुरतंही जवळ येऊ दिलं नाही, त्यांचीही पोरं आली. वासुदेव बळवंत फडके याच तालमीचे, असं मानतात. शाळेच्या पुस्तकात आणि भाषणांत लहुजींची ओळख 'क्रांतिकारकांचे गुरू' एवढीच देऊन थांबतात, त्याचं कारण हेच आहे. शिष्य मोठ्या जातीचा असला की गुरूही आठवतो. बाकीचं काम मात्र गाळलं जातं.

ते बाकीचं काम मला जास्त मोठं वाटतं. जोतीराव फुले त्याच गंज पेठेतले. दांडपट्टा आणि नेमबाजी आपण लहुजींकडे शिकलो, इंग्रजी सत्ता उलथवण्याचा विचार तेव्हा डोक्यात होता, हे जोतीरावांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे त्यांचा विचार बदलला. जातीची बेडी तशीच ठेवून येणारं स्वराज्य कोणाचं, हा प्रश्न त्यांना पडला. 1848 मध्ये मुलींची शाळा, आणि 1852 च्या सुमारास महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा. पण शाळा उघडणं वेगळं आणि वस्तीतली पोरं तिथे आणून बसवणं वेगळं. शिकल्याने धर्म बुडतो, अशा धाकात वाढलेले आईबाप होते. त्यांच्या दारात ब्राह्मण समाजसुधारक गेला असता तर कोणी ऐकलं नसतं. तिथे लहुजी गेले, आणि त्यांच्या बरोबरीने राणबा महार गेले. एक मांग, एक महार, घरोघर फिरून पोरं मागत होते. वस्ताद सांगतो म्हटल्यावर बाप नाही म्हणत नाही. आखाड्यात कमावलेली पत लहुजींनी शाळेसाठी खर्च केली. शाळेला त्रास देणाऱ्यांपासून राखण करायला त्यांचे पैलवान उभे राहत, असंही सांगतात.

माझे एक कार्यकर्ते मित्र म्हणतात, लहुजींचं काम 'स्थानिक' होतं. स्थानिक कसं? त्या शाळांतून आणि त्या गंज पेठेतून 1873 मध्ये 'गुलामगिरी' निघाली, आणि जोतीरावांनी ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांना गुलामीतून सोडवायला झीज सोसली. 1865 मध्ये तिकडे कायद्याने गुलामी संपली होती. इकडे तिचं नावच 'धर्म' होतं. रंग आणि जात यांची तुलना आज विद्यापीठांत होते. ती करणाऱ्या माणसाच्या हातात पट्टा मांगाने दिला होता.

तालमीचा हा धागा नंतरही तुटला नाही. 1927 च्या महाडनंतर उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलात लाठी होती, शिस्त होती, आणि ती मारण्यासाठी नव्हती. सभा होऊ द्यायची, माणूस पाण्यापर्यंत पोहोचवायचा, यासाठी होती. विदर्भातले आमचे म्हातारे गणवेशाचे बंद बांधत ते किस्से सांगायचे. लहुजींच्या पैलवानांनी हेच केलं होतं, सत्तर-पंच्याहत्तर वर्षं आधी. आमच्या म्हाताऱ्यांनी ते नाव कधी घेतलं नाही. त्यांनाही कोणी सांगितलं नसेल.

17 फेब्रुवारी 1881 ला लहुजी गेले. पुण्यात संगमवाडीला समाधी आहे. त्याआधी तीन वर्षं, 1878 मध्ये, इंग्रजांनी शस्त्रकायदा आणला होता, म्हणजे म्हाताऱ्या वस्तादाच्या डोळ्यांदेखत हत्यार बाळगायला परवाना लागू लागला. पण तोवर वस्तीतली पहिली पोरं वाचायला शिकून मोठी झाली होती.

आता आमच्या गावाचं. कापूस वेचणीच्या दिवसांत मातंग, कोलाम, गोंड आणि बौद्ध, चारही वस्त्यांतली पोरं शाळेतून गायब होतात. जयंतीला ढोल-डीजेची वर्गणी मात्र चारही ठिकाणी वेगवेगळी गोळा होते. मागच्या वर्षी मी मातंग वस्तीत गेलो. फोटोला हार घालून झाल्यावर एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "तुम्ही इकडचे कसे जी?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. राणबा महाराचं नाव तेव्हा आठवायला हवं होतं. या 14 नोव्हेंबरला मुक्ता साळवेचा निबंध तिथे मोठ्याने वाचायचा ठरवलं आहे, आणि वाचणार आहेत दोन मुली, एक त्यांच्या वस्तीतली, एक आमच्या.