बिअरच्या ग्लासात न दिसणारं पाणी

आजचा भाग बिअरवर आहे, पण बिअर करताना लागणाऱ्या आणि ग्लासात कधीच न दिसणाऱ्या पाण्यावर. आपल्या संभाजीनगरात नळाला कधी पाच, कधी आठ दिवसांनी पाणी येतं, आणि पलीकडे वाळूजला बिअरचे मोठे कारखाने आहेत. त्यामुळे हा हिशेब आपल्याला यायलाच हवा.

सुरुवात कोऱ्या चहापासून करू. चार कप हवे असतील तर आपण चार कपांपेक्षा थोडं जास्तच पाणी ठेवतो. काही वाफेत जातं, काही चहापत्ती पिते. बिअरचंही तेच, फक्त चहापत्तीच्या जागी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली.

अमेरिकेत राहणारा माझा एक कॉलेजमित्र घरी बिअर करतो. त्याची एक्सेल शीट बघून मी थक्क झालो, कारण अर्ध्याहून जास्त रकाने फक्त पाण्याचे! समजा २० लीटर बिअर करायची आहे आणि माल्ट ५ किलो आहे. भरडलेला माल्ट आधी किलोला ३ लीटर या हिशेबाने १५ लीटर गरम पाण्यात भिजवतात. त्यातलं साधारण ५ लीटर चोथा पिऊन टाकतो, हाती येतात १०. मग चोथ्यावरून अजून साडेपंधरा लीटर गरम पाणी सोडून उरलेली साखर धुऊन घेतात. झाले साडेपंचवीस. तासभर उकळताना ३ लीटर वाफ. गार झाल्यावर द्रव आकसतो, सुमारे १ लीटर कमी दिसतं. तळाच्या गाळात दीड लीटर. उरले बरोबर २०.

म्हणजे २० लीटरसाठी साडेतीस लीटर. आणि यात भांडी धुणं नाही, उकळतं भांडं गार करायला नळीतून सोडलेलं पाणी नाही. ते धरलं तर आकडा सहज दुपटीवर जातो.

(एक सूचना: आपल्याकडे हा प्रयोग करू नका. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, आणि बिअरही त्यात येते. अमेरिकेत घरच्या बिअरला सूट देणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली, ती १९७९ पासून लागू झाली.)

आता इतिहास. इतकं बारीक मोजणं आलं कुठून? मला सापडलेलं उत्तर असं: ज्याचा हिशेब कुणीतरी मागतं, तेच मोजलं जातं.

ब्रिटनमध्ये १६९७ पासून माल्टवर कर होता. सरकार धान्य मोजायचं, म्हणून ब्रूअरही धान्यच जपायचा. एकाच माल्टवर दोन-तीन वेळा पाणी टाकायचं. पहिल्या पाण्याची कडक बिअर, शेवटच्या पाण्याची पातळ, रोजच्या पिण्याची. पाणी फुकट होतं, त्याची नोंद कोण ठेवणार?

१८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढला आणि तो माल्टच्या गोड अर्कावर, म्हणजे वर्टवर लावला. किती वर्ट आणि त्यात साखर किती, या दोन आकड्यांवर कर. आता भांड्यात किती द्रव उरला याला पैशाची किंमत आली, आणि ते काटेकोर मोजलं जाऊ लागलं. पण गंमत बघा, आत किती पाणी घेतलं हे सरकार अजूनही विचारत नव्हतं.

तो प्रश्न आपल्या शहरात विचारला गेला. एप्रिल २०१६. सलग दुष्काळ, जायकवाडी मृतसाठ्यावर, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी. २६ एप्रिलला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आदेश दिला: दारू आणि बिअर कारखान्यांचं पाणी लगेच ५० टक्के कमी करा, १० मेपासून ६० टक्के, आणि हे २७ जूनपर्यंत. इतर उद्योगांना कपात आधी २० आणि मग २५ टक्के.

तेव्हाचे वाद आठवा. एक बाजू म्हणायची, लोक तहानलेले आणि तुम्ही बिअर बनवता. दुसरी म्हणायची, धरणाच्या हिशेबात आमचं पाणी किती थोडं! दोघं वेगवेगळे लीटर मोजत होते. चांगल्या कारखान्यात एका लीटर बिअरमागे साधारण तीन-चार लीटर पाणी गेटमधून आत येतं, जुन्या पद्धतीच्या कारखान्यात सहा-सात. बाटलीत जातं त्यातलं एकच. बाकीचं बाटल्या धुण्यात, टाक्यांच्या सफाईत, बॉयलरमध्ये, कूलिंग टॉवरमध्ये जातं. चोथ्यातलं पाणी तर चोथ्याबरोबर गुरांच्या गव्हाणीत पोचतं. आणि बार्लीच्या शेतातलं पाणी धरलं तर एका लीटरमागे आकडा शेकड्यांत जातो, पण ते पाणी जायकवाडीचं नाही, जिथे बार्ली पिकली तिथलं.

कोर्टाने कपात केली ती गेटवरच्या पाण्यात. माझ्या मते नेमकी जागा तीच. बाटलीतलं पाणी कमी करता येत नाही, नाहीतर ती बिअरच राहत नाही. पण धुणं, गार करणं, पुनर्वापर इथे जागा असते. गेटवर मीटर बसला आणि कुणी त्याचा हिशेब मागितला, तरच ती जागा शोधली जाते. घरी बिअर करणारा ती आपोआप शोधतो, कारण त्याचं भांडंच लहान असतं. आपलं भांडं म्हणजे नाथसागर. भरलेला असतो तेव्हा तो फार मोठा वाटतो आणि कुणी काही विचारत नाही.

म्हणून पुढच्या वेळी ‘अमुक लाख लीटर’ अशी बातमी फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न विचारा: कुठला लीटर? धरणातून निघालेला, गेटमधून आत आलेला, की बाटलीत भरलेला? बिअर असो, स्टील असो की आपल्या सोसायटीची टाकी, प्रश्न हाच आहे.

तुमच्या भागात पाणी किती दिवसांनी येतं, कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!