कसोटीपुरती मांडणी

संगणकाच्या आज्ञावलीची परीक्षा दुसऱ्या आज्ञावलीकडून घेण्याचा प्रघात आतां चांगलाच रूढ झाला आहे. परीक्षेच्या वेळीं मात्र मूळ आज्ञावलीस तिच्या नेहमींच्या संसारांत ठेवून चालत नाहीं. खऱ्या खातेवहींत खोटी नोंद पडूं नये, गिऱ्हाइकास भलतेंच पत्र जाऊं नये, म्हणून वही कोणती, पत्ता कोणता, मुदत किती, या तिच्या मांडणींतील सूचना तेवढ्यापुरत्या बदलाव्या लागतात.

अमेरिकेंतील केंट बेक यांनीं १९९४ सालीं स्मॉलटॉक भाषेकरितां कसोटीची जी पद्धति मांडली, तींत प्रत्येक कसोटीपूर्वीं मांडामांड आणि नंतर आवराआवर, अशा दोन पायऱ्याच नेमून दिल्या होत्या. पुढें कॅन्ससमधील एका वृत्तपत्राच्या कचेरींत जन्मलेल्या 'जँगो' या साधनानें २०१२ सालच्या १.४ या आवृत्तींत 'ओव्हरराइड सेटिंग्ज' ही सोय दिली : कसोटी चालूं असेतों नवी मांडणी, संपतांच जुनी पूर्ववत्. सोय सुबक खरी. परंतु जो भाग बदलला त्याविषयीं कसोटी मुकीच राहते, हें विसरून चालावयाचें नाहीं. अशा विसराची जबर किंमत यूरोपनें त्यापूर्वींच मोजली होती.

४ जून १९९६ रोजीं फ्रेंच गियानांतील कुरू येथून 'आरिआन ५' हा अग्निबाण प्रथमच उडाला आणि चाळीस सेकंदांच्या आंत चार उपग्रहांसह फुटून गेला. त्याचें दिशादर्शक उपकरण, विशेषतः त्यांतील आज्ञावली, बहुतांशीं 'आरिआन ४' चीच होती. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक. त्याच्याशीं निगडित एक आंकडा सोळा बिटांच्या जागेंत मावला नाहीं, आणि उपकरण बंद पडलें. राखीव उपकरण होतें, पण तेंहि त्याच आज्ञावलीवर चालणारें. तें तर निमिषभर आधींच थांबलें होतें. विशेष हें कीं, ज्या गणितांत ही चूक झाली तें उड्डाणानंतर निरुपयोगीच होतें!

मग कसोट्या झाल्या नव्हत्या काय? झाल्या होत्या. परंतु समग्र कसोटींत त्या उपकरणाच्या जागीं त्याची नक्कल करणारी आज्ञावली बसविली होती. उपकरण स्वतंत्रपणें पारखलेलें आहे, तेव्हां पुन्हां कशाला, ही समजूत. नक्कल अर्थातच बिघडली नाहीं. गणिती जाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळानें त्याच वर्षीं जुलै महिन्यांत अहवाल दिला, आणि शक्य तितकीं खरीं उपकरणें घेऊन, प्रत्यक्षासारखी माहिती पुरवून संपूर्ण कसोटी घ्यावी, अशी शिफारस केली.