घरबसल्या शालान्त परीक्षा : रात्रशाळेपासून मोबाइलपर्यंत

विद्या ही शाळेच्या चार भिंतींतच मिळते, अशी समजूत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. परंतु इतिहासाकडे दृष्टी टाकली असता ती पुरती खरी नाही, असे दिसून येते. दिवसा शाळेची पायरी चढणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यासाठी निराळी वाट काढण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात जवळजवळ पावणेदोनशे वर्षे चालू आहेत.

१८५५ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रशाळा काढली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे तीच परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे कित्येक वर्षे मॅट्रिकचे प्रमाणपत्र ही नोकरीच्या दाराची किल्ली होऊन बसली. १९११ साली ना. म. जोशी यांनी स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईतील कामकऱ्यांसाठी रात्रशाळा चालविल्या. १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली, पण प्रमाणपत्राचे महत्त्व तिळमात्र उणावले नाही. शाळा सुटलेल्यांना बाहेरून परीक्षेस बसण्यासाठी असलेला ‘१७ नंबरचा फॉर्म’ तर आपल्या घरोघरी परिचित आहे.

तथापि बाहेरून बसणाऱ्यास शिकवावयाचे कोणी, हा प्रश्न राहिलाच. १९७९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दिल्लीत मुक्त विद्यालयाचा प्रयोग आरंभिला. १९८९ साली त्यातून राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वतंत्र संस्था निर्माण झाली व २००२ साली तिला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हे नाव मिळाले. हिची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. सर्व विषय एकदम देण्याची सक्ती नाही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण जमेस राहतात. संसार व धंदा सांभाळून शिकणाऱ्यास याहून मोठी सवलत कोणती?

२०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ व ‘दीक्षा’ हे ऑनलाइन मंच सुरू झाले. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद पडल्या आणि जी रीत आजवर अडल्यानडल्यांची होती, तीच एकाएकी सर्वांची झाली. त्या वर्षी महाराष्ट्रात दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द करावा लागला. २०२१ साली तर संपूर्ण परीक्षाच रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावण्यात आला.

त्या काळात आम्ही आपल्याच समाजातील घरे पाहिली. एका घरी एकच मोबाइल. वडील तो घेऊन कामावर जात आणि दोन भावंडे सायंकाळपर्यंत वाट पाहत. अशा वेळी मोबाइल प्रथम मुलाच्या हाती पडे आणि मुलगी स्वयंपाकघरात जाई, हे कटु असले तरी सत्य आहे. उलट, विवाहामुळे शिक्षण सुटलेल्या आमच्या परिचयाच्या एका भगिनीने मुले निजल्यावर त्याच मोबाइलवर धडे ऐकून दहावीची परीक्षा दिली. साधन एकच, पण कोठे ते दार उघडते, कोठे लावून घेते.

म्हणून आम्हांस असे वाटते की, केवळ यंत्र घरी आणल्याने विद्या घरी येत नाही. रात्रशाळेत कंदिलाबरोबर गुरुजीही होते आणि शेजारी बसणारा सोबतीही होता. ही उणीव समाजाने भरून काढली पाहिजे. कार्यालयाची एक खोली सायंकाळी अभ्यासासाठी उघडावी. शिक्षक असलेल्या सभासदांनी आठवड्यातून एक तास द्यावा. परीक्षा शुल्कासाठी शिक्षणनिधीतून साहाय्य व्हावे आणि त्यात शिक्षण सुटलेल्या मुली व सुना यांचा विचार प्रथम व्हावा. ‘घरबसल्या हमखास पास’ अशा जाहिरातींना भुलून मान्यता नसलेल्या मंडळांकडे पैसे भरू नयेत, हेही येथे सांगणे अगत्याचे आहे. मान्यताप्राप्त मंडळाचा विद्यार्थी अभ्यास घरी करील. परंतु परीक्षा त्यास केंद्रावर जाऊनच द्यावी लागते.

आपल्या पूर्वजांनी एक एक पैसा जमवून मुलांस पुस्तके दिली. त्यांचे ऋण फेडण्याचा आज हाच मार्ग होय. पुढील स्मरणिकेतील गुणवंतांच्या यादीत घरी शिकून उत्तीर्ण झालेल्या भगिनींची नावेही मानाने छापली जावीत, एवढीच आमची इच्छा आहे.