फिर्यादीविना खून

खुनाचा तपास का लागत नाही, असा प्रश्न निघाला की लोक फौजदाराच्या हुशारीकडे बोट दाखवतात. आमच्या मते प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. प्रेताची ओळख, फिर्याद, पंचनामा आणि साक्षीदार या पायऱ्या चढल्यावाचून खून सहसा कोर्टात उभा राहत नाही. अमेरिकेत १९६० च्या सुमारास शंभरांतल्या नव्वदांहून अधिक खुनांचा छडा लागे. २०२१ च्या सुमारास प्रमाण निम्म्यावर आले. तरी तिथे न सुटलेल्या खुनांची मोजदाद तरी आहे. आमच्या भागात एका काळी तीही झाली नाही.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि मराठवाडा रझाकारांच्या जुलमातून सुटला. तो जुलूम आम्ही कमी लेखत नाही. पण पाठोपाठ मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. त्याची पाहणी नेहरू सरकारने धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली. संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मेली, असा तिचा अंदाज. त्यांपैकी निदान १८ हजार उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांत. औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक मिळून निदान ५ हजार. औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. रझाकारांचा जोर जिथे अधिक, तिथे सूडही अधिक, असे समितीला दिसले.

मग तपास का झाला नाही? फिर्याद द्यायला कित्येक घरांत पुरुषच उरला नव्हता. जुना अंमल मोडला होता, नवा बसायचा होता. ज्याने पाहिले तो शेजारी, आणि ज्याने केले तोही शेजारीच. अहवालही सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. नोंदवहीत न आलेला अपघात झालाच नाही असे ठरते, हे कामगार चळवळीत आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. खुनाचेही तसेच.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांना जिवावर उदार होऊन वाचवले; त्यात काहींचे प्राण गेले. एका मागावरची ओळख सुडापेक्षा मोठी ठरली.

आज त्या दिवसांची आठवण असलेली माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत. शिक्षा द्यायला आता कुणी उरले नाही. पण रझाकारांनी मारलेल्यांची आणि नंतर मारले गेलेल्यांची, दोघांचीही नावे एका वहीत लिहिता येतील. ती पहिली पायरी तरी आपण श्रोत्यांनी चढावी.