नाणेघाट ते खोडद : ऐकण्याचा इतिहास

अंतराळयुगाचा इतिहास आपल्याकडे बहुधा उड्डाणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९८४ मधील राकेश शर्मा यांचा प्रवास, २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेले चांद्रयान-३, २०२५ मधील शुभांशु शुक्ला यांचा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील मुक्काम, अशा टप्प्यांनी तो मोजला जातो. या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे, ती ऐकणाऱ्यांची. १९६९ मध्ये माणसाचे चंद्रावरील पहिले पाऊल जगाला दिसले, ते ऑस्ट्रेलियातील हनीसकल क्रीकसारख्या केंद्रांनी तिकडून येणारे संकेत टिपले म्हणून. महाराष्ट्रात हे ऐकण्याचे काम जुन्नर तालुक्यात चालते. आणि त्याचा विचार केल्यावाचून या प्रदेशाचा अलीकडचा इतिहास पुरा होत नाही, असे आम्हांस वाटते.

कल्याणहून माळशेज घाट चढून येणारा रस्ता ओतूर व पिंपरी पेंढार ओलांडून आळेफाट्याला पोहोचतो. तेथून दक्षिणेस नारायणगाव आणि त्याच्या पूर्वेस खोडद. कल्याण व जुन्नर यांना जोडणारी सातवाहनकालीन वाट मात्र नाणेघाटातून जात असे. त्या घाटातील लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक लेख आहे. तो सामान्यतः राणी नागनिकेशी जोडला जातो. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण यांची मोजदाद त्यात अंकांनी केलेली आहे. भारतातील कोरीव अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते.

योगायोग असा की, भारतातील रेडिओ खगोलशास्त्रही कल्याणहूनच जुन्नरला आले. फक्त वाट फार लांबची होती. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या, सहा-सहा फूट व्यासाच्या ३२ थाळ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ उभ्या केल्या आणि सूर्याचा अभ्यास आरंभिला. पुढे १९७० च्या सुमारास उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण तयार झाली. ऐंशीच्या दशकात आखलेली आणि नव्वदच्या दशकात उभारलेली खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, ही त्यापुढची पायरी. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. त्यांपैकी १४ मध्यभागी एकवटलेल्या आणि १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरांच्या पसाऱ्यात विखुरलेल्या. भरीव पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारांची जाळी ताणून हे पृष्ठभाग केले आहेत. मीटरभर लांबीच्या लहरींना जाळीची छिद्रे जाणवत नाहीत, वारा मात्र त्यांतून निघून जातो. म्हणून सांगाडा हलका आणि खर्च आवाक्यात राहिला. परक्या आराखड्याची नक्कल न करता आपल्या ऐपतीतून काढलेली ही युक्ती आहे.

या दुर्बिणीच्या इतिहासातील एक संध्याकाळ विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा ४०१ मेगाहर्ट्‌झचा क्षीण संकेत मुळात मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होता, पृथ्वीसाठी नव्हे. तरीही नासाच्या सहकार्याने खोडदच्या थाळ्या तिकडे रोखण्यात आल्या होत्या. सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर कापून, जवळजवळ दहा मिनिटांनी तो संकेत जुन्नरच्या पठारावर पोहोचला. वातावरणातील प्रवेश आणि हवाई छत्री उघडणे त्यात ओळखता आले. आणि उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या किंचित आधी तो थांबला.

पुढील चौकशीत कारण उलगडले. यानाचे फिरणे मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या मर्यादेच्या टोकाला अडकले. त्यावरून संगणकाने उंचीचे गणित चुकविले आणि आपण जमिनीच्याही खाली आहोत असा निष्कर्ष काढला. छत्री वेळेआधी सुटली, इंजिने काही सेकंदांतच बंद पडली आणि यान कोसळले. अपयशाची ती पहिली चाहूल प्रत्यक्ष घटनेच्या वेळी जेथे लागली, त्या ठिकाणांत खोडद होते.

असे ऐकू येण्यासाठी भोवती शांतता लागते. आणि ही शांतता निसर्गाने दिलेली नाही. ती राखावी लागते, नियमांनी आणि निर्बंधांनी. विजेच्या ठिणग्या, प्रक्षेपक, कारखान्यांतील यंत्रे या सर्वांचा उपद्रव दुर्बिणीला होतो. २०२५ मध्ये नारायणगाव परिसरातून जाणाऱ्या पुणे-नाशिक जलद रेल्वेच्या मार्गाला रेल्वे मंत्रालयाने नकार दिला, तेव्हा जीएमआरटीच्या कामात व्यत्यय येईल हेच कारण दिले गेले. द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा बाजाराला धाडणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला ही रेल्वे हवी होती. त्याच्या नाराजीला विज्ञानविरोध म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. त्याचबरोबर या शांततेतूनच २०२३ मध्ये जवळजवळ ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची खूण हाती आली, आणि गुरुत्वीय लहरींच्या विश्वव्यापी गुंजनाचा पुरावा शोधणाऱ्या जागतिक प्रयत्नात खोडदच्या नोंदी उपयोगी पडल्या, हेही खरे आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी याकडे लक्ष द्यावे असे आम्ही म्हणतो, त्याचे कारण साधे आहे. गावाची शांतता आपल्या लेखनात बहुधा निसर्गाची देणगी म्हणून येते. येथे ती एका कराराचा भाग आहे, आणि त्या कराराची किंमत मोजणाऱ्यांना त्याच्या अटी ठरविताना कितपत विचारले गेले, हा प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदची दारे उघडतात आणि गावोगावच्या शाळांतील मुले त्या थाळ्यांखाली उभी राहतात. ते आवश्यकच आहे, पण पुरेसे नाही. नाणेघाटातील लेखाने दिलेल्या दानाची मोजदाद तरी करून ठेवली. जुन्नर-आंबेगावने विज्ञानाला दिलेल्या शांततेची अशी नोंद अजून कोणी लिहावयाची आहे.