प्लेगच्या जंतूची उसनवारी

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले. ही सांथ पुढें मुंबई इलाख्यांत दूरवर पसरली. खानदेशही तींतून सुटला नाहीं. भुसावळहून नागपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील बोदवडसारख्या बाजारपेठांत आगगाडीनें मालाची ने-आण होई. अशा मार्गांवर धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर व पिसवाही प्रवास करीत. घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं लोक गांव सोडून माळावर झोंपड्यांत राहावयास जात.

यर्सिन यांनीं १८९४ सालीं हाँगकाँगांत प्लेगचा जंतु शोधला होता. हाफकीन यांची लस १८९७ च्या जानेवारींत मुंबईंतच तयार झाली, आणि १८९८ सालीं सिमाँ यांनीं कराचींत पिसवेचा वांटा उघड केला. परंतु हा जंतु इतका घातक कसा बनला, हें कळण्यास आणखी एक शतक लागलें.

त्याचा पूर्वज माती-पाण्यांत आढळणारा, पोटांत गेल्यास बहुधा सौम्य विकार करणारा जंतु होय. कांहीं हजार वर्षांपूर्वीं त्याच्या एका वंशास दोन प्लास्मिडें लाभलीं. प्लास्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राहून निराळें, जनुकें वाहून नेणारें लहानसें कडें. अशीं कडीं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतात. एका कड्यावरील जनुकामुळें जंतूस पिसवेच्या आंतड्यांत तगतां आलें. दुसऱ्यावरील जनुकामुळें चाव्याच्या जागेपासून शरीरांत पसरण्याची वाट मोकळी झाली. शिवाय गुणसूत्रांत जागा बदलणारे तुकडे घुसल्यानें आंतड्यांतील जुन्या जीवनक्रमास लागणारीं कांहीं जनुकें निकामी झालीं. सुमारें ५,००० वर्षांपूर्वींच्या सांगाड्यांतील प्लेगच्या जंतूंत पिसवेंत तगण्याचें तें जनुक आढळलें नाहीं. व्होल्गेच्या परिसरांतील सुमारें ३,८०० वर्षांपूर्वींच्या सांगाड्यांत तें आढळलें.

ही उसनवारी थांबलेली नाहीं. १९९४ सालीं बीड जिल्ह्यांत व सुरतेस प्लेग उद्भवला, तेव्हां टेट्रासायक्लीनसारखीं औषधें हाताशीं होतीं. दुसऱ्याच वर्षीं मादागास्करमधील एका रोग्याच्या जंतूंत याच औषधासह स्ट्रेप्टोमायसिनलाही निष्प्रभ करणारें प्लास्मिड सांपडलें. त्याच्या निकटच्या नात्याचीं प्लास्मिडें पुढें अमेरिकेंत विक्रीच्या मांसावरील साल्मोनेला जंतूंतही आढळलीं. गोठ्यांत वा कोंबड्यांच्या खुराड्यांत अविचारानें वापरलेलें औषध अशाच कड्यांस पोसतें, आणि तेथून तीं माणसाच्या रोगजंतूंपर्यंत पोहोंचूं शकतात. माणसाचा रोग व जनावराचा रोग हीं दोन खातीं नाहींत, हाच प्लेगच्या इतिहासाचा धडा होय.